चांदोदला होडीची बॅटरी मध्येच बसते: चार्जिंगचा हिशोब कुठे चुकतोय?

दांडिया_बाजार

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो. परवा रविवारी नर्मदेत फजिती झाली, म्हणून लिहायला बसलोय.

माझ्याकडे साडेचौदा फुटी फायबरची जुनी होडी आहे. मागे बारा व्होल्टची विजेची मोटर, ५५ पौंड थ्रस्टची, पाच स्पीडची. होडी चांदोदच्या घाटावर एका नावाडीकाकांच्या भरवशावर उभी असते. रविवारी सकाळी बडोद्याहून निघायचं, डभोईला चहा घ्यायचा, दिवसभर पाण्यात आणि दिवे लागणीच्या आत घरी. रात्रीचा मुक्काम नाही, फ्रीज नाही, काही नाही. मोटर, एक एलईडी दिवा, पाणी उपसायचा छोटा पंप आणि मोबाइल चार्जिंग, एवढाच संसार.

बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, दीडशे अँपियर-अवरची (एएच) उंच ट्युब्युलर. ती पुढच्या टोकाला ठेवतो, कारण मी मागे बसतो आणि पुढे वजन नसलं की होडी नाक वर करून चालते. दर शनिवारी रात्री घरी चार्जिंगला लावतो. ती दुसऱ्या मजल्यावर चढवताना मी आणि मुलगा, दोघांच्या कमरेचे काटे ढिले होतात.

गेल्या रविवारी निघताना मीटरवर १२.६ व्होल्ट दिसत होते. ओरसंगच्या संगमाच्या पुढे गेलो, दोन-अडीच तास रमतगमत फिरलो. परतताना वारा तोंडावर आला म्हणून पाचव्या स्पीडवर टाकली. दहा मिनिटांत मोटरचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा बसत गेला आणि मग बंदच. वल्ही होती, पण वाऱ्यापुढे वल्ह्यांचं काही चालेना. शेवटी दोघा पोरांच्या नावेनं दोरी टाकून ओढत आणलं. घाटावर सगळे बघत होते.

बॅटरी दीड वर्षाचीच आहे. दुकानदार म्हणतो, "साहेब, नवी घ्या." नवी घ्यायच्या आधी इथे विचारतोय. चूक बॅटरीची का माझी?

सेव_उसळ

त्यात लाजायचं काय? डभोई-मियागाम रेल्वे १८६२ साली बैलांनीच ओढली होती. ओढून न्यायची आपल्या भागाला जुनी सवय आहे.

पेट्रोलपंप

माझं सरळ मत. ५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन लावा, दोन लिटर तेल भरा आणि विसरून जा. बॅटरीची होडी म्हणजे तळ्यातलं खेळणं. नर्मदेला ती पुरत नाही.

तांबेतार

पेट्रोलवाल्यांना थोडा वेळ बाजूला बसवू.

दांडियाभाऊ, मी मकरपुऱ्यात मोटर रिवाइंडिंग करतो, तीस वर्षं झाली. माणूस बॅटरी मेली म्हणत येतो आणि दहातल्या निम्म्या वेळा दोष वायरीत निघतो. आधी हे सांगा:

बॅटरीपासून मोटरपर्यंत वायर किती स्क्वेअर एमएमची आणि किती लांब? मध्ये जोड किती? बॅटरीला लावायला काय आहे, बोल्ट का चिमटे? आणि चार्जर किती अँपियरचा, शेवटी किती व्होल्टला थांबतो?

आणखी एक. निघताना १२.६ दिसले म्हणता, ते चार्जर काढल्यावर किती वेळानं? चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी पाहुण्यांसमोरच्या मुलासारखी असते, खरं वागणं नंतर कळतं. चार-सहा तास नुसती ठेवून मग मोजा. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड १२.७ च्या आसपास स्थिरावते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.९ च्या खाली दिसली तर ती रिकामीच समजा.

दांडिया_बाजार

तांबेतार, तुम्ही विचारलंत म्हणून काल टेप घेऊन बसलो. वायर सहा स्क्वेअरची, जुन्या मालकानं घातलेली. पुढच्या टोकापासून मोटरपर्यंत एका बाजूनं पाच मीटर. बॅटरीला चिमटे आहेत, ते मगरीच्या तोंडासारखे दातेवाले. चार्जर पाच अँपियरचा, जुना. हिरवा दिवा लागतो तेव्हा मीटरवर १३.७ असतात. आणि १२.६ चं म्हणाल तर चार्जर काढला, बॅटरी गाडीत टाकली आणि निघालो. मध्ये दीड तास गेला असेल.

सेव_उसळ

बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी कमी पडल्या म्हणून होडीत पण पाळल्यात?

तांबेतार

हसा, पण ती मगर रोज भाऊंची वीज खाते.

हिशोब बघा. तांब्याची एक स्क्वेअर एमएमची एक मीटर तार म्हणजे ०.०१७२ ओहम. तुमची वायर जाऊन-येऊन दहा मीटर. लोक नुसतं जाणं धरतात, येणं विसरतात. दहा मीटर, सहा स्क्वेअर, म्हणजे ०.०२८७ ओहम. ५५ पौंडाची मोटर पाचव्या स्पीडला ४५-५० अँपियर ओढते. ४५ धरले तरी वायरीतच १.३ व्होल्ट गेले. बारातले सव्वा, म्हणजे दहावा हिस्सा तुम्ही नर्मदा तापवायला खर्च करताय. वर चिमट्यांचे दाते. ते टर्मिनलला फक्त टोकांनी चिकटतात. मोटर दोन मिनिटं पूर्ण जोरात चालवून चिमट्याला हात लावा, पण जपून, चटका बसेल.

पुढच्या खेपेला मीटर घेऊन जा. मोटर पूर्ण जोरात असताना एकदा बॅटरीच्या खांबावर व्होल्ट मोजा आणि एकदा मोटरच्या तोंडाशी. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची वायर. करंट मोजायला टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) नेणार असाल तर डीसीचा न्या. साधा एसीवाला इथे शून्य दाखवतो, आणि माणूस उगाच मोटर उघडत बसतो.

कलाभवन_७८

तांबेतार यांनी वायरीचं छान सांगितलं. मी चार्जिंगचं बोलतो, कारण खरा रोग तिथे आहे असं मला दिसतंय. (कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आम्हाला बॅटरीचा एकच तास होता, तोही जेवणानंतरचा. जे कळलं ते नोकरीत कळलं.)

डब्यावर दीडशे एएच छापलंय ते वीस तासांच्या हिशोबानं. म्हणजे साडेसात अँपियर ओढलेत तर वीस तास. पंचेचाळीस ओढलेत तर त्याच बॅटरीतून दीडशे निघत नाहीत, शंभराच्या खालीच राहतात. लेड-अ‍ॅसिड जितकी घाईनं पिळाल तितकी कमी देते. रोजच्या वापरात तिला निम्म्याच्या खाली नेऊ नये हा आणखी एक नियम. म्हणजे तुमच्या हातात खरे साठ-सत्तर एएच, तेही नव्या बॅटरीत.

आता जमाखर्च. नेहमीच्या रविवारी तासभर जोरात, दोन तास हळू असं धरू. ४५ अधिक दोनदा १५, म्हणजे ७५ एएच खर्च. शनिवारी रात्री पाच अँपियरचा चार्जर दहा तास, म्हणजे फार तर ५० जमा. तेही पूर्ण नाहीत, कारण बॅटरी भरत आली की ती करंट कमी घेत जाते आणि घेतलेल्यातलाही काही भाग उष्णतेत जातो. दर आठवड्याला तीसेक एएचची उधारी. पहिल्या महिन्यात कळत नाही. तिसऱ्या महिन्यात बॅटरी कायमची अर्धपोटी राहते आणि आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात. ते एकदा पिकले की सहज विरघळत नाहीत.

शिवाय चार्जर १३.७ ला हिरवा होतो. त्या व्होल्टेजवर भरलेली बॅटरी भरलेली ठेवता येते, रिकामी भरता येत नाही. ट्युब्युलरला १४.४ च्या आसपास न्यावं लागतं आणि तिथे काही तास धरावं लागतं. शेवटचा वीस टक्के भाग हाच सगळ्यात वेळखाऊ. प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही बॅटरी १८५९ साली केली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे.

हायड्रोमीटर घ्या, महाग नसतो. सहाही घरांतल्या अ‍ॅसिडची घनता बघा. पूर्ण भरलेल्या इन्व्हर्टर-ट्युब्युलरमध्ये १.२४ च्या जवळ हवी. एखादं घर बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर ते गेलं.

रेवातीर

मी पण चांदोदलाच असते, मालसरलाही जाते. आमची दहा फुटी आहे. दांडियादादा, तुम्हाला ओढून आणलं ते आम्ही घाटावरून बघितलं, पण तेव्हा ओळख नव्हती :)

मी लिथियम वापरते, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), शंभर एएच. साडेबारा किलो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डबा. तुमच्या साठ किलोच्या पिंपाबद्दल वाचूनच माझी पाठ दुखली. शंभरातले नव्वद खुशाल वापरता येतात, आणि शेवटपर्यंत व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं, म्हणून मोटर म्हातारी होत नाही.

पण एक गोष्ट सांगते, कारण ती मी पैसे देऊन शिकले. पहिली बॅटरी एका विक्रेत्याकडून स्वस्तात घेतली. बाहेर शंभर एएच छापलेलं, आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, पन्नास अँपियरचा. घाटावर हळू चालवली, झकास. एकदा प्रवाह जास्त होता म्हणून पूर्ण जोर दिला आणि खटकन सगळं बंद. दिवा, पंप, मोटर, सगळंच. लेड बॅटरी मरताना निदान कुंथते. लिथियम न सांगता पाठ फिरवते. तेव्हा "किती एएच" हे दुसरा प्रश्न समजा. पहिला प्रश्न "बीएमएस सतत किती अँपियर देतो". मोटर पन्नास खात असेल तर शंभरचा बीएमएस घ्या.

आणि व्होल्टमीटर बघून लिथियम किती उरली ते सांगता येत नाही. ८० टक्के आणि ४० टक्के यांत जेमतेम एक-दोन दशांशाचा फरक असतो. शंटवाला मीटर लागतो, जो येणारे-जाणारे एएच मोजतो. आमच्याकडे तोच सगळ्यात कामाचा निघाला.

पेट्रोलपंप

म्हणजे एवढे पैसे घालून शेवटी किती तेल झालं ते तरी सांगा!

कलाभवन_७८

सांगतो, तुमचा प्रश्न चांगला आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. छोटं आउटबोर्ड त्यातली पंधरा टक्के धरली तर सव्वा-दीड युनिट पाण्याला देतं, बाकी धूर आणि गरम पाणी. शंभर एएच एलएफपी म्हणजे १२.८ गुणिले १००, म्हणजे १.२८ युनिट. तेव्हा रेवातीरताई साडेबारा किलोत एक लिटर पेट्रोल घेऊन हिंडतात असं समजा. एका लिटरवर तुमचा रविवार भागत असेल तर बॅटरी पुरते. पाच लिटर लागत असतील तर पंपरावांचं बरोबर आहे आणि वाद संपला.

पेट्रोलपंप

पहिल्यांदाच कुणी मला बरोबर म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

ओरसंग_वाळू

वरचं सगळं वाचलं. माझी सूचना: छतावर सोलर टाका, चार्जिंगची कटकटच नको. केरळात सरकारी सोलर फेरीबोट चालते, आदित्य नावाची. मग आपली का नाही चालणार?

तांबेतार

आदित्य २०१७ पासून वैकमला चालते, ७५ माणसं नेते, हे खरं. पण तिच्या छतावर वीस किलोवॉटचे पॅनेल आहेत आणि खाली पन्नास युनिटची बॅटरी. दांडियाभाऊंच्या होडीला छतच नाही. जागा काढून काढून शंभर वॉटचा एक पॅनेल बसेल. गुजरातच्या उन्हात तो दिवसाला चारशे वॉट-अवर देतो, म्हणजे तीस-बत्तीस एएच. उन्हाळ्यात ऊन जास्त असलं तरी पॅनेल ६०-६५ अंशाला तापतो, आणि दर अंशामागे ०.४ टक्के मार खातो. पाचव्या स्पीडवर ही दिवसाची कमाई चाळीस मिनिटांत उडते. पॅनेलवर मोटर चालवायची हा विचार सोडा.

पण पॅनेल वाया नाही. गंमत अशी की ही होडी आठवड्यात एक दिवस चालते आणि सहा दिवस उभी असते. पन्नास वॉटचा पॅनेल रोज पंधरा एएच देतो, सहा दिवसांत नव्वद. तेवढाच तुमचा रविवारचा खर्च! चार्जिंग रविवारच्या हिशोबानं बसवायचं नाही, सोमवार ते शनिवारच्या हिशोबानं बसवायचं. लेड बॅटरीला तर हे वरदान, कारण तिला हळूहळू आणि पूर्ण भरलेलं राहायला आवडतं. जिने चढवणं बंद.

रेवातीर

लेडला वरदान, लिथियमला मात्र नाही. तिला मे महिन्यात ४३ अंशात शंभर टक्के भरून आठवडाभर ठेवलंत तर ती लवकर म्हातारी होते. ती अर्धी भरलेली, सावलीत राहिलेली बरी. माझी घरी कपाटात असते, शनिवारी रात्री वीस अँपियरच्या चार्जरला लावते, पाच तासांत भरते. आणि घाटावर पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सोडून येणं म्हणजे... जाऊ दे, घाट आपलाच आहे.

दांडिया_बाजार

सगळ्यांचे आभार. या रविवारी मीटर, उसना डीसी टाँग टेस्टर आणि वही घेऊन गेलो. फिरणं कमी, मोजणं जास्त. बायको म्हणाली, एवढं मन लावून अभ्यास केला असतास तर आज इस्रोत असतास.

पाचव्या स्पीडवर ४४ अँपियर. बॅटरीच्या खांबावर १२.१, मोटरच्या तोंडाशी १०.७. तांबेतार, तुमचा आकडा नेमका निघाला, १.४ चा फरक. चिमट्याला हात लावला आणि बोटाला फोड आली, ते पण तुम्ही सांगितलंच होतं.

फोनवर वेगही बघितला, पाण्याला ओढ जवळजवळ नव्हती तिथे, जाऊन-येऊन सरासरी. पाचव्यावर ताशी साडेसहा किलोमीटर, ४४ अँपियर. तिसऱ्यावर ताशी ४.८, २१ अँपियर. म्हणजे पावणेदोन किलोमीटर जास्त वेगासाठी मी दुपटीहून जास्त वीज देत होतो. शंभर एएचमध्ये पाचव्यावर पंधरा किलोमीटर, तिसऱ्यावर तेवीस. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

हायड्रोमीटर: पाच घरं १.२० च्या आसपास, दुसरं घर १.१५. घरी येऊन दुसऱ्या चार्जरवर १४.४ ला रात्रभर ठेवली. पाच घरं १.२३ पर्यंत आली, दुसरं १.१७ वर अडलं. मग कलाभवनकाकांना फोनवर विचारून गाडीचा हेडलाइटचा बल्ब जोडला, साधारण पाच अँपियर, आणि घड्याळ लावलं. तीस तास जळायला हवा होता. तेरा तासांत बॅटरी १०.५ व्होल्टवर आली. रात्रभर गॅलरीत उजेड बघून आई म्हणाली, दिवाळी झाली की रे. दीडशेतले पासष्ट उरलेत.

तर बॅटरी गेली हे खरं, पण तिला घालवली मीच.

कलाभवन_७८

वेगाचं गणित होडीत फार कडक आहे. या होडीला वेग दुप्पट हवा तर ताकद साधारण आठपट लागते. तुमच्या मीटरवर एवढा फरक दिसला नाही, कारण पाच स्पीडच्या जुन्या मोटरीत खालचे स्पीड आतल्या रोधक तारेतून काढतात, त्यात बरीच वीज नुसती जळते. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाली मोटर असती तर तिसऱ्यावर २१ च्या जागी याहून बरेच कमी दिसले असते. मोटर बदला असं म्हणत नाही. फक्त हळू जाणं तुमच्या मोटरीत जेवढं स्वस्त वाटतं त्याहून खरं तर जास्त स्वस्त आहे.

सेव_उसळ

याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं १८३८ मध्ये रशियात नेवा नदीत चौदा माणसं घेऊन बॅटरीवर होडी चालवली होती. तेव्हा टाँग टेस्टरही नव्हता. दांडियाशेठ, तुम्ही एकटे असून ओढून आणावं लागलं. नोंद असू दे.

तांबेतार

उसळवाले, पाव संपला का?

दांडियाभाऊ, आता नवीन काय करायचं ते माझ्याकडून. लेड ठेवणार असाल तर वायर पंचवीस स्क्वेअरची. १.३ च्या जागी ०.३ व्होल्ट जाईल. लिथियम घेणार असाल तर गंमत बघा. ती हलकी आहे, म्हणून पुढच्या टोकाला वजन म्हणून ठेवायची गरज नाही. मध्ये, तुमच्या पायापाशी ठेवा. पुढे वजन हवंच असेल तर पिण्याच्या पाण्याचा कॅन ठेवा. वायर दोन मीटर, सोळा स्क्वेअर, नुकसान ०.२ व्होल्ट. बॅटरीवर जास्त गेलेले काही पैसे तांब्यात वाचतात.

चिमटे आजच फेकून द्या. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी, बोल्टचं भोक असलेली टोपी) चांगल्या दाबयंत्रानं दाबून घ्या, हातोडीनं ठोकू नका. बोल्ट आवळून वर व्हॅसलीन. वारंवार काढायची बॅटरी असेल तर ई-रिक्षाच्या चार्जिंगला असतो तसा जोडकनेक्टर, पण पन्नास अँपियरचा नको, १२० वाला मोठा. ४४ अँपियर तासभर चालले तर पन्नासचा तापतो.

आणि फ्यूज. तुमच्या वर्णनात फ्यूज हा शब्दच नाही, ते बघून मला घाम फुटला. साठचा डीसी फ्यूज किंवा ब्रेकर, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून वीतभर अंतरात. मोटरपाशी नाही. फ्यूज मोटरसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून उघडी पडली तर लिथियम हजारभर अँपियर ओतायला मागेपुढे बघत नाही, आणि फायबरची होडी उत्तम जळते. घरच्या डीबीतला एसीचा एमसीबी काढून लावू नका.

रेवातीर

अजून एक. पंप मुख्य स्विचच्या आधी जोडा, स्वतःच्या छोट्या फ्यूजवर. स्विच बंद करून घरी गेलात आणि होडीत पाणी शिरलं तर पंप चालायला हवा. पण फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा) वर्षातून दोनदा हलवून बघा. आमचा एकदा गाळात अडकून चालूच राहिला आणि अख्खी बॅटरी पिऊन टाकली.

ओरसंग_वाळू

मग बॅटरी घरी नेली तर पंप कशावर चालणार?

रेवातीर

हे बघा, मी इतके दिवस हे टाळत होते :)

तांबेतार

सोपं आहे. यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्ट सात एएचची बंद बॅटरी. दहा वॉटचा पॅनेल, छोटा कंट्रोलर. दिवसाला तीनेक एएच येतात. पंप अडीच अँपियर खातो, म्हणजे तासाभराहून जास्त उपसा रोज फुकट. ही सात एएचची होडीतच राहील, पंप आणि दिवा तिच्यावर. मोटरची मोठी बॅटरी तुमच्याबरोबर घरी. दोन्ही एकमेकींना जोडायच्या नाहीत, लेड आणि लिथियम एका खुंटीला बांधू नयेत. मोटरनं मोठी संपवली तरी दिवा आणि पंप जिवंत राहतात, हा त्यातला खरा फायदा.

कलाभवन_७८

तांत्रिक नाही, पण लिहितो. होडी विजेवर चालते म्हणून नोंदणीतून सुटते असं धरू नका, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा नीट वाचा. आणि लाइफ जॅकेट होडीत ठेवू नका, अंगावर ठेवा. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तळ्यात होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. ते तळं माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. त्यानंतर मी कुणाच्याही होडीत पाय ठेवताना आधी जॅकेट मोजतो.

दांडिया_बाजार

काका, दोघांची दोन आणि एक जास्तीचं, तिन्ही अंगावर किंवा हाताशी असतात. पाहुणा आला तर आधी जॅकेट, मग चहा.

महिनाभरानं अपडेट. शंभर एएच एलएफपी घेतली, शंभरचा बीएमएस, दुकानात कागदावर लिहून घेतलं. सोळा स्क्वेअरची वायर, थिंबल तांबेतार यांच्याच वर्कशॉपमध्ये दाबून घेतले (पैसे घेतले नाहीत, सेव-उसळ घेतली, दोन प्लेट). साठचा ब्रेकर, शंटवाला मीटर. मोटरच्या तोंडाशी आता पूर्ण जोरात १२.७ असतात. तीच मोटर, तोच पंखा, पण पाचव्या स्पीडला ४४ च्या जागी आता ४९ अँपियर ओढते आणि ताशी सात किलोमीटर जाते. म्हणून मी तिसऱ्यावरच चालवतो.

पहिल्या रविवारी ४१ एएच वापरले. घाटावर आलो तेव्हा मीटर ५९ दाखवत होता. जुनी ट्युब्युलर आता घरी गॅलरीतल्या दिव्याला, पासष्ट एएच त्याला पुष्कळ.

सात एएच आणि दहा वॉटचा पॅनेलही बसवला. फक्त एक अडचण. पॅनेल पुढच्या टोकाला आडवा ठोकलाय. काल नावाडीकाकांनी फोन केला, "साहेब, तुमच्या त्या काचेवर रोज दुपारी माकड येऊन बसतं, हाकलू का?" मी विचारलं, कंट्रोलरचा हिरवा दिवा लागलाय का. म्हणाले, माकड उठलं की लागतो.

तांबेतार

पॅनेल तीस अंश तिरका करा. घसरेल.